महाराणींच्या नावांची पुण्यस्थाने
(देवालय, ग्राम, अन्नछत्र आणि जलाशय : एक अभ्यास)

तीर्थक्षेत्री आलेल्या भाविकाची दृष्टी प्रथम कळसाकडे जाते, नंतर गाभाऱ्याकडे. पायरीवर, ओवरीच्या खांबावर किंवा महाद्वाराच्या भिंतीत कोरलेले दात्याचे नाव बहुधा न वाचताच राहते. वास्तविक या नावांमध्ये आपल्या धर्मजीवनाचा मोठा इतिहास साठविलेला आहे. त्यातही राजपत्नींच्या नावांनी ओळखली गेलेली देवालये, गावे, अन्नछत्रे आणि तलाव यांचा इतिहास विशेष बोधप्रद आहे.

अहिल्यादेवी होळकरांसारख्या स्वतः राज्यकारभार पाहणाऱ्या पुण्यश्लोक स्त्रियांचे चरित्र सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखात मात्र ज्यांनी सिंहासनावरून राज्य केले नाही, राजाची महाराणी हेच ज्यांचे स्थान होते, अशा स्त्रियांच्या नावांचा मागोवा घेतला आहे. यांपैकी काही नावे बाराशे वर्षे दगडावर राहिली, पण लोकांच्या मुखातून गेली. काही नावे मात्र आजही गावाच्या पाटीवर आहेत. असे का घडले, हे जाणून घेणे दात्यांच्या आणि भाविकांच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

नामकरणाची प्राचीन रीत

शिवलिंगाची प्रतिष्ठापना करताना प्रतिष्ठापकाच्या नावापुढे ‘ईश्वर’ हे पद जोडून देवास नाव देण्याची रीत भारतात फार जुनी आहे. चालुक्य राजा विजयादित्याने स्थापिलेला तो विजयेश्वर, कांचीच्या पल्लव राजसिंहाने बांधलेले ते राजसिंहेश्वर. यात राजाने स्वतःस देव म्हणविण्याचा भाव नाही. ‘अमुकाचा जो ईश्वर तो’ असा त्याचा सरळ अर्थ आहे. आपले नाव देवाच्या चरणी ठेवावे आणि देवाच्या नावाबरोबर ते नित्य उच्चारले जावे, ही त्यामागील भावना होय.

हा मान राजांपुरता मर्यादित नव्हता. कांचीच्या राजसिंहेश्वर मंदिरासमोर लहान देवालयांची जी ओळ आहे, त्यांपैकी एक राजसिंहाची राणी रंगपताका हिने बांधविल्याचे तेथील लेखावरून समजते. राजमंदिराच्या प्रांगणात राणीचे स्वतंत्र देवालय असणे, हे तत्कालीन राजपत्नींच्या धर्मकार्यातील स्थानाचे द्योतक आहे.

पट्टदकल : लोकेश्वर आणि त्रैलोक्येश्वर

बदामीजवळील बनशंकरी देवी ही महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची कुलस्वामिनी आहे. तिच्या दर्शनास जाणारे भाविक बहुधा बदामीची लेणी पाहून परततात. तेथून सुमारे २२ किलोमीटरवर मलप्रभा नदीच्या काठी पट्टदकल हे क्षेत्र आहे. येथे मलप्रभा उत्तरवाहिनी असल्याने स्थानास विशेष पावित्र्य प्राप्त झाले आणि चालुक्यांच्या राज्याभिषेकाशी त्याचे नाव जोडले गेले. इ.स. १९८७ मध्ये येथील मंदिरसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य (कारकीर्द सुमारे इ.स. ७३३ ते ७४४) याने पल्लवांची राजधानी कांची जिंकली. जिंकलेल्या नगरीचा त्याने विध्वंस केला नाही. उलट राजसिंहेश्वर मंदिराचे वैभव पाहून देवाचे द्रव्य देवास परत केले आणि तसा कन्नड लेख त्याच मंदिरात कोरविला. या विजयाच्या स्मरणार्थ त्याची महाराणी लोकमहादेवी हिने पट्टदकल येथे भव्य शिवालय उभारले. तिच्या नावावरून त्या देवास ‘लोकेश्वर’ असे नाव मिळाले.

लोकमहादेवी हैहय कुळातील होती. तिची धाकटी सख्खी बहीण त्रैलोक्यमहादेवी हीदेखील विक्रमादित्याचीच राणी. तिने जवळच दुसरे शिवालय बांधविले, ते ‘त्रैलोक्येश्वर’ होय. तिचा पुत्र दुसरा कीर्तिवर्मन् याच्या काळातील, इ.स. ७५४ चा एक स्तंभलेख पट्टदकल येथे आहे. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन लिप्यांत कोरलेल्या या लेखात दोघी भगिनींनी बांधविलेल्या देवालयांचा उल्लेख आढळतो. सासऱ्याने स्थापिलेला विजयेश्वर आणि दोन सुनांचे लोकेश्वर व त्रैलोक्येश्वर, अशी एकाच राजकुळाची तीन देवालये येथे शेजारी शेजारी उभी आहेत.

लोकेश्वराच्या शिलालेखांतील दोन गोष्टी आवर्जून सांगण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, देवालय घडविणारा स्थपती गुंड याचा येथे नावानिशी गौरव आहे. त्यास सन्मानाचा पट्ट आणि ‘त्रिभुवनाचारी’ ही पदवी देण्यात आली. दुसरी गोष्ट अशी की, सासरे विजयादित्य यांनी देवाच्या गायकांना पूर्वी जे हक्क दिले होते, ते लोकमहादेवीने कायम केले. म्हणजे ज्या देवालयास स्वतःचे नाव दिले गेले, त्याच्या दगडावर महाराणीने कारागिराचे नाव राहू दिले आणि गायकांची उपजीविका सुरक्षित केली.

पुढे चालुक्यांची सत्ता मावळली आणि राष्ट्रकूट आले. वेरूळचे कैलास लेणे घडविताना पट्टदकलच्या या मंदिराचा आदर्श समोर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या दृष्टीने या महाराणीच्या मंदिराचा धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. परंतु कालौघात लोकेश्वराचे ‘विरूपाक्ष’ झाले, त्रैलोक्येश्वराचे ‘मल्लिकार्जुन’ झाले आणि विजयेश्वर ‘संगमेश्वर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. विरूपाक्षाची पूजाअर्चा आजही होते. तेथे हात जोडणाऱ्या भाविकांपैकी फारच थोड्यांना लोकमहादेवीचे नाव ठाऊक असते. शिलालेख नसता तर ते कोणासच कळले नसते.

कावेरीच्या मुलखात : सेंबियन महादेवी

पट्टदकलनंतर सुमारे दोनशे वर्षांनी कावेरीच्या खोऱ्यात चोळांची सत्ता बहरली. ‘सेंबियन’ हे चोळ राजांचे बिरुद आहे. त्यामुळे ‘सेंबियन महादेवी’ म्हणजे चोळांची महाराणी. हे नाव विशेषेकरून राजा गंडरादित्य (कारकीर्द सुमारे इ.स. ९५० ते ९५७) याच्या राणीचे म्हणून इतिहासात रूढ झाले. तिला लवकर वैधव्य आले. पुढील दीर्घ आयुष्य तिने शिवभक्तीत आणि मंदिरांच्या जीर्णोद्धारात वेचले. पुत्र उत्तम चोळ याची कारकीर्द तिने पाहिली आणि त्यानंतर आलेल्या थोर राजराज चोळाचा काळही पाहिला.

विटांची जुनी देवालये उतरवून त्या जागी दगडी बांधकाम करणे, हे तिचे मुख्य कार्य. कोनेरीराजपुरम् येथील देवालय तिने पतीच्या स्मरणार्थ उभारले. तेथे लिंगाची पूजा करणाऱ्या गंडरादित्याचे शिल्प कोरलेले आहे. तिरुक्कोडिकावल येथील जीर्णोद्धाराची हकिकत तर आजच्या प्रत्येक देवस्थानाने ध्यानात ठेवावी अशी आहे. जुने देवालय उतरविताना तेथील पूर्वीच्या दात्यांचे लेख नष्ट होण्याचा संभव होता. ते लेख नव्या दगडी भिंतींवर पुन्हा कोरून घेण्यात आले. नवे देवालय आपल्या आश्रयाने उभे राहत असताना पूर्वीच्या दात्यांची नावे व त्यांनी लावून दिलेली दाने जपली गेली. या दूरदृष्टीमुळेच त्या जुन्या दानांची माहिती आज उपलब्ध आहे.

याच महाराणीच्या नावाने नागपट्टिनम परिसरात ‘सेंबियन महादेवी चतुर्वेदीमंगलम्’ हे गाव वसले. वेदविद्येत निष्णात ब्राह्मणांना दिलेल्या गावास चोळांच्या काळी ‘चतुर्वेदीमंगलम्’ म्हणत. गावात कैलासनाथाचे देवालय आहे. उत्तम चोळाच्या राण्यांनी, म्हणजे महाराणीच्या सुनांनी, या देवालयास दाने दिली आणि सासूबाईंच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी विशेष पूजा व भोजन व्हावे अशी तरतूद केली.

आज सहस्र वर्षे लोटली आहेत. चोळांचे साम्राज्य गेले, ‘चतुर्वेदीमंगलम्’ हे उपपदही गळून पडले, तरी गावाचे नाव ‘सेंबियन महादेवी’ हेच आहे. शेतकरी, विद्यार्थी, टपालवाले सर्वजण दररोज त्या महाराणीचे नाव घेतात.

चोळांच्या मुलखात अशी आणखीही स्थाने आहेत. तिरुवैयारू येथील पंचनदीश्वराच्या आवारात राजराज चोळाची राणी लोकमहादेवी हिने बांधविलेले देवालय ‘लोकमहादेवीश्वरम्’ म्हणून लेखांत येते. चालुक्य महाराणीचेच नाव धारण करणारी ही दुसरी राजपत्नी होय. कुंभकोणमजवळ पळैयारै परिसरात राजेंद्र चोळाने आपल्या सावत्र मातेच्या स्मरणार्थ ‘पंचवन्मादेवीश्वरम्’ हे देवालय उभारले. सावत्र मातेचे नाव पुत्राने देवाशी जोडावे, हे त्या कुटुंबातील आदरभावाचे सुंदर उदाहरण आहे.

तंजावरच्या भोसल्यांची छत्रे

चोळांच्या याच भूमीत इ.स. १६७५-७६ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे भोसले राजकुळाची स्थापना केली. हे राज्य इ.स. १८५५ पर्यंत टिकले. मराठी भाषिक राजकुळाने तमिळ मुलखात केलेल्या धर्मकार्यांपैकी अन्नछत्रे हे सर्वांत मोठे कार्य मानावे लागेल.

काशीची गंगा रामेश्वरास वाहावी आणि रामेश्वरची वाळू गंगेत अर्पण करावी, हा यात्रेचा संकल्प शतकानुशतके चालत आलेला आहे. त्या काळी रेल्वे नव्हती. उत्तरेतून निघालेला यात्रेकरू अनेक महिने पायी चालून कावेरीकाठी पोहोचत असे. तेथून समुद्रकिनाऱ्याच्या वाटेने रामेश्वर गाठावयाचे. परका मुलूख, अनोळखी भाषा, उष्ण हवा आणि आजारपण यांमुळे प्रवासाचा हा शेवटचा टप्पाच अनेकांना कठीण जाई. अशा वाटांवर तंजावरच्या राजांनी छत्रे बांधली आणि त्यांना आपल्या राण्यांची नावे दिली.

राजा प्रतापसिंह (कारकीर्द इ.स. १७३९ ते १७६३) याच्या राण्या यमुनाबाई, सकवारबाई आणि द्रौपदाबाई यांच्या नावांची छत्रे प्रसिद्ध आहेत. नीडामंगलम् येथील छत्र ‘यमुनांबाळपुरम्’ या नावाने, तर किनाऱ्याजवळ मणमेल्कुडी येथील छत्र ‘द्रौपदांबाळपुरम्’ या नावाने ओळखले गेले.

या नावांची घडण पाहण्यासारखी आहे. मराठीत आदराने लावले जाणारे ‘बाई’ हे पद तमिळ मुखात ‘अंबाळ’ झाले आणि त्यापुढे गाववाचक ‘पुरम्’ जोडले गेले. तमिळ भाविक मंदिरातील देवीला ‘अंबाळ’ म्हणूनच हाक मारतात. महाराष्ट्राच्या कुळातील राणीचे नाव अशा रीतीने तेथील जनतेने देवीला लावावयाच्या पदासह उच्चारले.

छत्र म्हणजे केवळ भोजनगृह नव्हते. छत्राच्या खर्चासाठी गावे व शेतजमिनी लावून दिलेल्या असत. त्यांच्या उत्पन्नातून धान्य येई. छत्राबरोबर विहीर, तलाव, देवालय, पाठशाळा आणि वैद्य यांची सोय असे. या सर्वांच्या भोवती वस्ती वाढे आणि वस्तीस राणीचे नाव मिळे.

राजे दुसरे सरफोजी यांनी इ.स. १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे ‘मुक्तांबाळपुरम्’ हे छत्र स्थापिले. मुक्तांबा ही सरफोजीराजांची प्रिय सहचरी होती. विवाहित महाराणीचा दर्जा तिला नव्हता. तरीही राण्यांच्या नावांची जी परंपरा चालत आली होती, तिच्याच मालिकेत हे छत्र बसते.

सरफोजीराजांचे पत्र

इ.स. १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, ठरावीक उत्पन्न आणि मानसन्मान एवढेच उरले. छत्रांच्या गावांचे उत्पन्नही कंपनीकडे गेले असते, तर पूर्वजांनी राण्यांच्या नावे लावून दिलेली अन्नदाने बंद पडण्याचा धोका होता.

या प्रसंगी, इ.स. १८०१ मध्ये, राजांनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना सविस्तर पत्र लिहिले. छत्रांत काय चालते याचे वर्णन त्यात आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व जातींच्या यात्रेकरूंना तेथे अन्न मिळे. शिजविलेले अन्न ज्यांना चालत नसे त्यांना शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले असल्यास बोलाविले जाई. आजारी यात्रेकरूंवर वैद्य उपचार करीत. विषबाधेवरही औषध मिळे. गरोदर स्त्रियांची शुश्रूषा होई, तान्ह्या मुलांना दूध दिले जाई आणि अनाथ मुलांचा सांभाळ केला जाई. यात्रेकरूस मृत्यू आल्यास त्याच्या जातिधर्मानुसार अंत्यसंस्कार होत. तंजावरची ख्याती धर्मराज्य म्हणून आहे आणि ही ख्याती हाच आपल्या पदाचा सर्वश्रेष्ठ सन्मान होय, असा राजांचा त्या पत्रातील आशय आहे.

राज्य हातचे गेलेल्या राजाने आपला मान कशात मानला, हे येथे स्पष्ट दिसते. सैन्य आणि महसूल यांहून यात्रेकरूच्या पानावर पडणारा भात त्यास अधिक मोलाचा वाटला. छत्रांचा कारभार राजांकडे राहिला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुक्तांबाळपुरम्चे नवे छत्र उभे केले. इ.स. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे यांच्या निधनानंतर राज्य खालसा झाले आणि पुढे छत्रांच्या मालमत्तांची व्यवस्था सरकारी यंत्रणेकडे गेली. रेल्वे आल्यानंतर पायी यात्रेकरूंची वाटही बदलली. छत्रांच्या जुन्या वास्तूंपैकी काही आजही उभ्या असून त्यांच्याशी राण्यांची नावे निगडित आहेत.

कोल्हापूरचा लक्ष्मी तलाव

अन्नाइतकेच पुण्य जलदानाचे मानले जाते. महाराष्ट्रातील एक उदाहरण याच परंपरेतील आहे. राजर्षी शाहू छत्रपतींचा विवाह इ.स. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराजांनी भोगावती नदीवर धरणाचे काम हाती घेतले. धरणाच्या जलाशयास महाराणींच्या नावावरून ‘लक्ष्मी तलाव’ आणि तेथील वसाहतीस कन्या राधाबाई यांच्या नावावरून ‘राधानगरी’ असे नाव देण्यात आले. महाराजांच्या हयातीत हे काम पूर्णत्वास गेले नाही. इ.स. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि धरण स्वातंत्र्योत्तर काळात पूर्ण झाले.

भोगावती पुढे पंचगंगेत समाविष्ट होते. करवीरनिवासिनीच्या दर्शनास येणारे असंख्य भाविक पंचगंगेच्या घाटावर हातपाय धुतात. ‘लक्ष्मी तलाव’ हे नाव ऐकून अनेकांचा समज देवीच्या नावाचा तलाव असा होतो. तो समज अगदीच अनुचित नाही, कारण महाराणींचे नावही देवीचेच होते. तथापि त्या नावामागे एक राजपत्नीही आहे, एवढे भाविकांनी ध्यानी ठेवावे.

दात्यांसाठी बोध

वरील उदाहरणे एकत्र पाहिली असता काही गोष्टी स्पष्ट होतात.

१. नुसत्या पाटीने नाव टिकत नाही. लोकेश्वर आणि त्रैलोक्येश्वर ही नावे उत्तम दगडावर कोरलेली असूनही लोकांच्या मुखातून गेली. सेंबियन महादेवीचे नाव मात्र राहिले, कारण ते नांदत्या गावाचे नाव झाले होते.

२. दानास नित्य उत्पन्नाची जोड हवी. वास्तूबरोबरच तीत चालणाऱ्या सेवेच्या वार्षिक खर्चाची तरतूद झाली, तर दान पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचते. छत्रांना लावून दिलेल्या गावांमुळेच तेथील अन्नदान अखंड चालले.

३. सेवा करणाऱ्यांचा विसर पडू नये. स्थपती गुंड आणि देवाचे गायक यांना लोकमहादेवीच्या देवालयात मान मिळाला. पुजारी, वादक, स्वयंपाकी, झाडलोट करणारे यांची तरतूद हा दानाचाच भाग आहे.

४. पूर्वीच्या दात्यांची नावे जपावीत. जीर्णोद्धाराच्या वेळी जुन्या फरशा, पाट्या व शिलालेख काढून टाकले जातात किंवा रंगाखाली बुजतात. तिरुक्कोडिकावल येथील आदर्श समोर ठेवून, काम सुरू करण्यापूर्वी जुन्या लेखांची छायाचित्रे व नोंद करून घ्यावी आणि तो दगड शक्यतो मूळ जागीच राखावा. आज दुसऱ्याचे नाव जपले गेले, तरच उद्या आपले नाव जपण्याची रीत राहील.

यात्रेकरूंसाठी उपयुक्त माहिती

पट्टदकल : बदामी रेल्वे स्थानकावर उतरून रस्त्याने जाता येते. बनशंकरी, बदामी, पट्टदकल व ऐहोळे ही स्थाने एकाच प्रवासात पाहता येतात. विरूपाक्ष मंदिरात प्रवेश करताना पूर्वेकडील द्वाराजवळचे जुने लेख अवश्य पाहावेत.

सेंबियन महादेवी : हे गाव तमिळनाडूतील नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. नागपट्टिनम व वेळांकन्नी परिसरातून रस्त्याने जाणे सोयीचे पडते.

तिरुवैयारू : तंजावरपासून जवळच, कावेरीच्या काठी. येथेच संतकवी त्यागराजस्वामींची समाधी आहे.

नीडामंगलम् व ओरत्तनाडू : नीडामंगलम् हे तंजावर–तिरुवारूर रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. ओरत्तनाडू तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी इ.स. १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख आहे. मराठी भाविकांनी तो आवर्जून पाहावा.

लक्ष्मी तलाव, राधानगरी : कोल्हापूरहून रस्त्याने जाता येते. पावसाळ्यात धरण परिसरातील सूचनांचे पालन करावे.

कोणत्याही प्राचीन देवालयात शिलालेखावर हळदकुंकू, तेल किंवा गुलाल लावू नये, तसेच त्यावर नाणी चिकटवू नयेत. ती अक्षरे म्हणजे कोणा दात्याने देवापुढे ठेवलेले आपले नाव होय. भाविकांनी क्षणभर थांबून ते नाव वाचावे. तेवढ्यानेही त्या दात्याचे स्मरण घडते.